चार अंडी आणि काळोख

दुपारची जेवणं उरकली की पुस्तक घेऊन आडवं व्हायचं आणि तिसऱ्या पानाला ते छातीवर, असं माझं वाचन. परवा मात्र डोळा लागला नाही. अंड्यांपाशी अडले.

हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स'. इटलीच्या सैन्यातून पळालेला लेफ्टनंट हेन्री आणि पोटुशी कॅथरीन रात्रभर माज्जोरे सरोवरात होडी मारत स्वित्झर्लंड गाठतात. मागे पहिल्या महायुद्धातली, १९१७ची इटलीच्या सैन्याची कापोरेतोची माघार, चिखल, स्वतःच्याच अधिकाऱ्यांना बाजूला घेऊन गोळ्या घालणारे पोलीस. वल्ही मारून याचे तळहात सोललेले. आणि काठावर उतरल्यावर दोघं करतात काय, तर नाश्ता मागवतात. हॉटेलातली बाई सांगते, लढाईमुळे रोल नाहीत, टोस्ट देते. हा तीन अंडी सांगतो. कॅथरीन म्हणते, चार घे.

बाकी त्यांचं प्रेमाचं बोलणं मला जरा गुळचटच वाटतं. पण हे 'चार घे' म्हणजे अगदी घरचं.

लढाईतल्या प्रेमकथा मी अशाच वाचते, स्वयंपाकघराच्या दारातून. पास्तरनाकच्या 'डॉक्टर झिवागो'त रशियन क्रांतीच्या धामधुमीत युरी आणि लारा वारिकिनो नावाच्या आडगावी बर्फात जाऊन राहतात. तो रात्री कविता लिहितो, बाहेर चांदण्यात लांडगे उभे. सुंदर आहे, नाही कोण म्हणतं! पण माझा जीव बटाटे किती उरलेत आणि लाकडं कुठून आणणार यात. सोबत लाराची लहान मुलगीही आहे, तिला भूक लागणारच की. शिवाय घर दुसऱ्याचं. हेन्री-कॅथरीनचंही तेच, मॉन्त्रोच्या वर डोंगरात एका जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. साधा अकरा महिन्यांचा करारसुद्धा नाही.

आणि लेखक तेवढंही राहू देत नाहीत. हेमिंग्वे स्वतः १९१८मध्ये जखमी होऊन मिलानच्या इस्पितळात पडला, तिथल्या नर्सवर त्याचं मन जडलं. तिने पुढच्या वर्षी पत्राने नकार कळवला. १९२९च्या कादंबरीतल्या नर्सला त्याने बाळंतपणात मारून टाकलं. आता हा सूड म्हणायचा की प्रेम, देव जाणे.

पण या सगळ्यांना लावून घ्यायला दार तरी होतं. आमच्या गिरगावातल्या चाळीत दार लावलं की शेजारी बरं नाही का म्हणून चौकशीला यायचे. डिसेंबर १९७१मध्ये ब्लॅकआऊट सुरू झाला. खिडक्यांच्या काचांवर खळीने चिकटवलेले काळे कागद, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे, कुठे फट दिसली की खालून पोरांची आरोळी, "ए, लाईट!" भोंगा वाजला की आई आम्हाला जिन्याखाली कोंबायची. तिथून गॅलरीचं टोक दिसायचं, म्हणजे दिसायचं काहीच नाही, पण कळायचं. शेजारची ताई आणि वरच्या मजल्यावरचा एक जण. एरवी नळावर एकमेकांकडे बघायची सोय नाही, आणि आता पाकिस्तानच्या कृपेने अख्खी चाळ आंधळी. माणसं लढाईपासून पळून प्रेमात शिरतात असं पुस्तकं सांगतात. इथे लढाईनेच यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून आडोसा दिला होता.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. चाळीत पेढे वाटले, दिवे लागले, आम्ही पोरं नखांनी कागद खरवडत बसलो. ताईचं लग्न पुढे दादरच्या कुणाशी तरी झालं.

खूप वर्षांनी एका कार्यात ती भेटली. मीही आता वयाने निर्ढावलेली, म्हटलं, "ताई, ब्लॅकआऊटमध्ये मजा होती हो तुमची."

"कसली मजा? त्याचा भाऊ होता सरहद्दीवर. घरात आईसमोर रडता यायचं नाही, म्हणून तिथे येऊन रडायचा मेला. मी आपली पदर पुढे करायची."

"मग भाऊ?"

"आला की. धडधाकट आला. मग याचं रडायचं काम उरलं नाही," ती म्हणाली आणि मठ्ठ्याची वाटी पुढे केली, "घे, तू काहीच घेतलं नाहीस."