विनिपेगच्या थंडीत विमानाचं इंजिन तापवताना: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगजवळच्या एका क्लबात फ्लाइंग करून परत आलोय. पुण्यातून तिकडे जाणारे बरेच आहेत, म्हणून हे लिहितोय. व्हिसा, तिकीट, थर्मल यांची माहिती कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते इंजिनाबद्दल.

शिवाजीनगरला पारा 10च्या खाली गेला की आपण स्वेटर शोधतो. तिथे सकाळी उणे 20. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली तर तेल काकवीसारखं संथ ओघळतं. बहुतेक लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनांना उणे 12च्या खाली आणि कॉन्टिनेंटल कंपनीच्या इंजिनांना उणे 7च्या खाली प्रीहीट, म्हणजे स्टार्टआधी तापवणं, लागतं. कारण फक्त तेल नाही. क्रँककेस (इंजिनाचं कवच) ॲल्युमिनियमची, क्रँकशाफ्ट (आत फिरणारा मुख्य दांडा) स्टीलची. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट आकसतं, बेअरिंगमधली फट कमी होते, आणि नेमकं तेव्हाच तेल तिथे वेळेत पोचत नाही.

क्लबच्या सेसना 172ला संपखाली (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) चिकटवलेला इलेक्ट्रिक हीटर होता. तेलाचं तापमान छान दिसत होतं. पण तिथला कोथरूडचा सीनियर म्हणाला, "काट्यावर जाऊ नकोस रे, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारे) बंद आहेत ना बघ आणि हबला हात लाव." हब, म्हणजे प्रोपेलरचा मधला भाग, बर्फासारखं गार! प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला बोल्ट केलेला असतो; हब गार म्हणजे शाफ्टही गारच.

उष्णता संपमधून तेलात जाते, मग केसच्या धातूतून आणि आतल्या गरम हवेतून हळूहळू वर चढते. वाटेत सिलिंडरच्या फिन्स (गार करणाऱ्या पातळ पट्ट्या) आणि धातूचा प्रोपेलर ती बाहेर फेकत राहतात. म्हणून काउलिंगवर (इंजिनावरचं झाकण) जाड ब्लँकेट घालाच, जमलं तर प्रोपेलरलाही कव्हर. हीटर आदल्या रात्रीच लावा. ब्लँकेटशिवाय नुसता संप तापवत ठेवला तर तेलातला ओलावा वर जाऊन गार कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) बसतो, आणि तिथे गंज धरतो. गरम हवेचा ब्लोअर घाईत बरा वाटतो, पण अर्ध्या तासात सिलिंडर तापतात, शाफ्ट नाही.

क्रँककेस ब्रीदरचं, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड रोज बघा. तिथे बर्फ साचला तर आतला दाब पुढचं ऑइल सील उडवतो. हातमोजे पातळ आणि जाड असे दोन्ही न्या. जाड मोज्यांत ब्रीदरभोवतीचा बर्फ नीट कळत नाही. स्टार्टनंतर ऑइल प्रेशरवरून नजर हलवू नका. उन्हाळ्यात 30 सेकंदांत यायला हवं, कडक थंडीत फार तर त्याच्या दुप्पट वेळ. तोवर आलं नाही तर लगेच इंजिन बंद करा.