मधली वर्षं

रविवार, रात्रीचे साडेअकरा. धरमपेठ.

दुपारी दादाकडे जेवायला गेले होते. वहिनीने पाटवडी-रस्सा केला होता, पण भाचीचा घास काही घशाखाली उतरत नव्हता. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. सीएचा फॉर्म भरायचा की नाही यावरून घरात आठ दिवस धुमसतंय. तिला जाहिरातीत जायचंय, कॉपी म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहायचा आहे. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "काहून तिच्या डोक्यात हे भरवून राहिली तू?" मी काहीच भरवलं नाही. पण बावीस वर्षं याच धंद्यात असलेली आत्या घरात असली की संशय तिच्यावर जाणारच.

मग भाचीने राजकुमार हिराणींचं नाव काढलं. नागपुरात असा वाद झाला की ते नाव निघतंच. दादा म्हणाला, "हिराणी एखादाच होतो बाप्पा. बाकीच्या पोरांचं काय होते ते सांग." भाची गप्प झाली आणि मलाही तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. ते आत्ता, जेवणाला नऊ तास उलटल्यावर, सुचतंय म्हणून लिहायला बसले.

आपण या माणसांच्या गोष्टी चुकीच्या सांगतो. हिराणींची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे: नागपूरचा मुलगा, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, कॉमर्स, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय, आणि मग एकदम 'मुन्नाभाई'. जन्म १९६२ चा आणि दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट २००३ च्या डिसेंबरात. म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी! मधली वर्षं एका वाक्यात उरकली जातात आणि माझा जीव नेमका तिथेच अडकतो. एफटीआयआयमध्ये ते शिकले संकलन. मग मुंबईत एडिटिंगची कामं, त्यानंतर जाहिराती. फेव्हिकॉलच्या त्या ओढाओढीच्या जाहिरातीत 'जोर लगा के हैशा' करणाऱ्यांत ते स्वतः दिसतात. १९९४ मध्ये '१९४२: अ लव्ह स्टोरी'चे प्रोमो, २००० मध्ये 'मिशन काश्मीर'चं संकलन. घरच्यांनी या काळात किती वेळा विचारलं असेल, "स्वतःचं कधी?" मला तर वाटतं, त्यांचे चित्रपट घडले ते याच काळात. तीस सेकंदांत माणूस उभा करायचा, त्याची अडचण दाखवायची आणि हसवून मोकळं व्हायचं, हे ज्याने वर्षानुवर्षं केलंय त्याच्या दोन-अडीच तासांच्या सिनेमात रेंगाळणारा प्रसंग सहसा सापडत नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. वीस सेकंदांच्या रेडिओ स्पॉटमध्ये मराठी शब्द बसतात पंचेचाळीसच्या आसपास. त्यात दुकानाचं नाव दोनदा, पत्ता एकदा, 'घडणावळीवर सूट' एकदा. उरतात वीस-बावीस. सुरुवातीला मी सत्तर शब्द लिहून न्यायचे आणि रेकॉर्डिस्ट काही न बोलता काचेपलीकडून घड्याळ दाखवायचा. एकदा पाडव्याच्या स्पॉटमध्ये मी 'आपल्या लाडक्या लेकीसाठी' लिहिलं होतं. त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "ताई, लेक लाडकीच असते." तो एक शब्द गेला आणि वाक्य सरळ उभं राहिलं. आजही कुठलंही विशेषण लिहिताना ते वाक्य कानात येतं. हे शिक्षण कुठल्या वर्गात मिळालं असतं?

जाहिरातीतल्या पीयूष पांडे यांचंही तसंच. राजस्थानकडून रणजी खेळले, मग चहा चाखण्याची नोकरी केली आणि १९८२ मध्ये ओगिल्व्ही या जाहिरात एजन्सीत आले ते कॉपी लिहायला नव्हे, क्लायंट सर्व्हिसिंगला. म्हणजे क्लायंटकडे जायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, त्याची नाराजी ऑफिसात आणून पोचवायची. लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ते काही वर्षांनी गेले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'चे शब्द त्यांचे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले तेव्हा फेव्हिकॉल, कॅडबरी सगळ्यांना आठवलं. मला आठवत राहिली ती क्लायंटच्या केबिनमध्ये काढलेली वर्षं. बाजारातला, गाडीतला, अंगणातला माणूस कसा बोलतो ते त्यांनी जाहिरातीत आणलं, आणि तेही जाहिरातवाले इंग्रजीत विचार करून मग हिंदी करून घेत असतानाच्या काळात.

तो काळ आमच्याकडे अजून पुरता सरलेला नाही. माझी पहिली नोकरी सीताबर्डीतल्या एका छोट्या एजन्सीत होती. वरून इंग्रजी मजकूर यायचा आणि खाली शेरा असायचा, 'मराठी करून घ्यावे'. मी रात्री बसून ती जाहिरात पुन्हा नव्याने लिहायचे. महिनाअखेरीस बिलात आर्टवर्कचे पैसे असायचे, डीटीपीचे असायचे, ट्रेसिंगचेसुद्धा असायचे. मराठीचे नसायचे. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मराठी तर तुम्हाला येतंच ना, त्याचे कसले पैसे?" तीन वर्षं हेच ऐकलं. आजही ते आठवलं की संताप होतो, आणि तो होतो याचं मला वाईट वाटत नाही. भाषा येणं आणि त्या भाषेत दुकानाच्या पायरीवरच्या माणसाला थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला कष्ट पडतात आणि कष्टाचे पैसे मिळायला हवेत.

आपल्या गावात याची जाण नव्हती असंही नाही. रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर याच मातीतले, आणि त्यांनी आकाशवाणीतही काम केलं. १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकातले संवाद डोळे मिटून ऐकले तरी कोण कुठे उभं आहे ते कळतं. नुसत्या आवाजावर माणूस उभा करायचा हा रेडिओचा धर्म आहे, असं मला ते ऐकताना दर वेळी वाटतं.

तर दादाचं उत्तर. हिराणी एखादाच होतो, हे खरंच आहे. पण तिला हिराणी कुठे व्हायचंय? तिला लिहायचंय. बाकीच्या पोरांचं काय होतं, तर ती काम करतात, दादा. कुणी स्टुडिओत काचेपलीकडे बसतं, कुणी प्रोमो कापतं, कुणी माझ्यासारखं सराफांच्या जाहिराती लिहून घराचा हप्ता भरतं. त्याने विचारायचंच असेल तर हे विचारावं की मधल्या वर्षांचं भाडं कोण देणार. पुण्या-मुंबईत खोली, मेस, लोकलचा पास. त्या प्रश्नापाशी मुलींच्या गोष्टी मुलांपेक्षा लवकर थांबतात, हे मी या धंद्यात डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याबरोबर लागलेल्या चौघींपैकी दोघी तिशीच्या आत घरी बसल्या. एकीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिने कपड्याच्या एका दुकानासाठी लिहिलेली ओळ मला अजून पाठ आहे.

मी दादाला सांगणार आहे की पहिल्या दोन वर्षांचं खोलीभाडं माझ्याकडून. वहिनीशी आधी बोलायला हवं.

आत्ता मेसेज आला भाचीचा. उद्या सकाळी दहाला एका सराफांच्या स्पॉटचं रेकॉर्डिंग आहे, तिला सोबत ये म्हटलं होतं. विचारते, "आत्या, वही आणू का?" मी लिहिलं, वही आण, आणि आजोबांचं ते सेकंदकाट्याचं घड्याळ आण, चालू असेल तर.