जिमचे कपडे, पण जिमबाहेर

लेगिंग्ज घेताना लेबलवर इलास्टेन (कापडाला ताण देणारा धागा) किती ते आधी पाहा. १५ ते २५ टक्के असेल तर कापड ताणून पुन्हा जागेवर येतं. फारच कमी असेल तर गुडघ्यांवर फुगे येतात. उजेडात वाकून बघा. आरपार दिसलं तर लेबल कितीही महागडं असो, परत ठेवा.

ऑफिसला एकच वस्तू खेळाची हवी. जॉगर्सवर नीट शिवलेला ब्लेझर छान जातो, पण मोहरी घोट्यावरच संपली पाहिजे, नाहीतर थेट अंथरुणातून आल्यासारखं दिसतं.

धुताना उलटे करा, पाणी ३० अंशांचं, जीन्स वेगळी (घासून गोळे येतात). फॅब्रिक सॉफ्टनर नकोच: त्याचा थर धाग्यांवर बसतो, घाम टिपला जात नाही आणि वास मुक्काम ठोकतो. ड्रायरच्या उष्णतेने इलास्टेनचा ताण जातो, सावलीत वाळवा.