शेजारी माणसं आली

आज अमळनेरात आमच्या शेजारच्या बंद घराचं कुलूप निघालं. चंद्रपूरहून बदली होऊन आलेलं कुटुंब. सामान उतरायच्या आतच आईने कळण्याची भाकरी नि वांग्याचं भरीत पाठवलं. भरितातली हिरवीगार कांद्याची पात बघून वहिनी खूश! आम्हालाच जास्त आनंद झाला.

संध्याकाळी सगळ्यांना घेऊन फिरलो. नळाची वेळ, घंटागाडी, दवाखाना, सगळं सांगितलं. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर मुलीने खडूने दारामागे लिहिला. पण प्रताप हायस्कूलपाशी पाय थांबले. साने गुरुजी इथे १९२४ ते १९३० शिकवत होते म्हटल्यावर ती पोर फाटकाचे गज धरून कितीतरी वेळ आत बघत राहिली.

उद्या पहाटे दूधवाल्याशी गाठ घालून द्यायचीय.