एवढ्या जणांत तिचं ऐकू कुठे येतं?

मुलगी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "एवढ्या पन्नास-साठ मुलांत तिचं ऐकू कुठे येतं?" आपल्याकडे मैफल म्हणजे एक गाणारा आणि साथीला दोघं-तिघं. पहिल्या वर्षी हा प्रश्न मलाही पडला होता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज खर्जाकडे झुकणारा, काम बहुतेक वेळा मधली जागा भरायचं. यंदा मुलांनी बीथोव्हनची पाचवी सिंफनी घेतली, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली चार भागांची लांब रचना. तिची सुरुवातीची चार स्वरांची हाक सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते, पण त्या हाकेच्या आधी स्वरलिपीत एक छोटीशी विश्रांती लिहिलेली आहे. ती शांतता सगळ्यांनी मनात एकत्र मोजायची आणि एका क्षणी तुटून पडायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना कुठला धीर! पहिल्या काही तालमी त्या एका जागेवरच गेल्या. 1808च्या डिसेंबरात व्हिएन्नात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा मोठ्या वादकांनाही धड तालीम मिळाली नव्हती. आमच्या मुलांना चार महिने मिळाले, हे मला फार मोलाचं वाटतं.

ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. ते वाजवणाऱ्या तिघांचं तर मला विशेष कौतुक. त्यांना फक्त चौथ्या भागात काम. वीसेक मिनिटं वाद्य मांडीवर घेऊन गप्प बसायचं आणि तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरला की गार पडलेल्या ओठांनी थेट त्या जल्लोषात उतरायचं.

मुंबईला हे संगीत नवं नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935मध्ये इथे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण आमच्या दादरच्या दोन खोल्यांना मात्र ते नवंच. पावसाळ्यात हवा दमट, खुंट्या ऐकत नाहीत, रोज आधी तारा जुळवण्यात वेळ जायचा. मग भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंना चार महिने एकट्या व्हायोलाचे तुकडे ऐकू यायचे. बाकीची वाद्यं नसताना त्यातून काही कळणं अवघडच. फक्त दुसऱ्या भागातली एक संथ धून त्यांना आवडायची. गॅलरीतून हाक यायची, "ते सावकाश आहे ना, ते वाजव गं!"

कार्यक्रमाला त्यांना सोबत नेलं. पहिला भाग त्या पदर घट्ट धरून बसल्या होत्या. मग दुसरा सुरू झाला. त्याची धून व्हायोला आणि तिच्याहून मोठा, आणखी खर्जातला चेलो हेच उचलतात. व्हायोलिनं तेव्हा थांबलेली असतात. काकूंनी माझं मनगट धरलं आणि कुजबुजल्या, "अगं, हे तर आपलं!"