रॉयबॉसचीही आढीच असते

गेल्या वैशाखात भाचा बोटीवरून सुट्टीला देवगडला आला, तो केपटाऊनहून रॉयबॉसचं, म्हणजे तिकडच्या एका झुडपाच्या पानांच्या चहाचं, पाकीट घेऊन. "आत्या, आजीला रात्रीही दे. यात कॅफीन नसतं." झोप लागत नाही म्हणून आईचा संध्याकाळचा चहा आम्ही बंद केला होता, आणि ती त्यावाचून अगदी कासावीस व्हायची.

मी मात्र रॉयबॉसवर फुली मारून बसले होते. आधी एकदा ऑनलाइन टी-बॅग मागवल्या होत्या. डबा उघडला की नुसता व्हॅनिलाचा भपकारा, आणि चव ओल्या लाकडाची. या वेळी एक टी-बॅग फाडून दोन्ही पांढऱ्या ताटलीत शेजारी शेजारी ओतलं. बॅगेत निव्वळ भुगा आणि फिकट काड्या. भाच्याच्या पाकिटात सुईसारखी बारीक, विटकरी पानं, काडी क्वचित. काड्या जास्त असल्या की रंग येतो, पण चव पातळ राहते. पान चांगलं असेल तर मध आणि सुकलेल्या गवताचा वास येतो, घोट गिळल्यावरही गोडवा जिभेवर राहतो. सात मिनिटं उकळलं तरी कडू होत नाही, कारण यात टॅनिन अगदी कमी.

हा गोडवा येतो कुठून, ते भाच्याने सांगितलं तेव्हा मला बाबांची आंब्याची आढी आठवली. दक्षिण आफ्रिकेच्या सीडरबर्ग डोंगराळ भागात हे झुडूप उगवतं. कापून, चेचून, पाणी मारून त्याचे ढीग लावतात. आठ ते चौदा तासांत हिरवं पान लाल होतं आणि मधासारखा वास सुटतो. तो वास ओळखूनच ढीग मोडायचा आणि उन्हात पसरायचा. लवकर मोडला तर गवताळ चव, उशीर झाला तर सगळं मिळमिळीत. बाबा पेंढ्यात नाक घालून सांगायचे, "आज नको, परवा काढूया." तीच ही विद्या! ढीग न लावता लगेच सुकवलं की हिरवा रॉयबॉस होतो. तो मला फार हिरवट लागला.

२०२१ मध्ये युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिलं, तेव्हा आपल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या जीआयइतकाच (भौगोलिक मानांकनाइतकाच) मला आनंद झाला असता, पण तेव्हा मला रॉयबॉस ठाऊकच नव्हता.

आईने पहिला कप बिनदुधाचा घेतला. "ह्यो काय चाय नाय गो," म्हणाली, "पण गोड लागता." आणि कप पुन्हा पुढे केला.

पाकीट आता तळाला आलंय. भाच्याला निरोप गेलाय: सुटं पान आण, वासाचं काही घातलेलं नको.