चुडीदार लेगिंगपासून जिमच्या कपड्यांपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या धंद्याची सुरुवात कुर्त्याखाली घालायच्या सुती लेगिंगने झाली. तिरुपूरचं होजिअरी कापड, त्यात ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के लायक्रा (ताणून परत मागे येणारा धागा), साधी ओव्हरलॉक शिलाई. कुर्त्याखाली हा माल उत्तम चालतो. पुढे बायका तीच लेगिंग घालून जिमला जाऊ लागल्या आणि तक्रारी येऊ लागल्या. गुडघ्यावर कापड फुगून पोचा येतो, आसनाची, म्हणजे दोन पायांच्या मधली, शिलाई उसवते, घामाने ओली झाली की अंगाला चिकटून बसते. आमच्याकडचा प्रत्येक बदल या तीन तक्रारींमधून आला आहे.

चिकटण्याचं कारण धाग्यातच आहे. साधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून कापूस घाम पितो आणि ओलाच राहतो. पोचा येतो तो लायक्रा कमी पडल्यामुळे, कारण वाकलेल्या गुडघ्यावर ताणलेलं कापड मागे खेचायला ५ टक्के पुरत नाही. आम्ही नायलॉनमध्ये २० ते २५ टक्के लायक्रा असलेल्या कापडावर आलो. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, झटपट वाळतं, त्यावर प्रिंटही छान उठतं. पण अंगाचं तेल ते धरून ठेवतं, त्यामुळे काही महिन्यांनी धुतलेल्या कपड्यालाही वास येऊ लागतो. वरच्या टी-शर्टला पॉलिएस्टर चालेल. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्याला नायलॉनच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

यानंतर विणीचा प्रश्न येतो. सिंगल जर्सी, म्हणजे एकेरी वीण, ताणली की आरपार दिसते. इंटरलॉक ही दुहेरी वीण असल्याने ती झाकून ठेवते. लेगिंगला आम्ही २४० ते २६० जीएसएमचं (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) इंटरलॉक वापरतो. २५० जीएसएम आणि ६० इंच पन्हा असलेल्या कापडाचा एक मीटर साधारण ३८० ग्रॅम भरतो, म्हणजे लेगिंगला मीटरभर कापड धरलं तर किलोत जेमतेम अडीच लेगिंग निघतात. स्वस्त मालात पहिली काटछाट इथेच होते: १८० जीएसएमचं कापड घेतलं की त्याच किलोत आणखी एक लेगिंग बसते. दुकानात ओळखायचं असेल तर लेगिंगच्या मांडीच्या भागात हात घालून बोटं पसरा आणि ट्यूबलाइटखाली धरा. बोटांचा रंग दिसला तर बैठक मारताना आतलंही दिसणार. काळा रंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पांढऱ्या कापडावर छापलेलं प्रिंट तर ताणल्यावर फटफटीत पडतं.

कापड मागे येतं का, याची आमची चाचणी घरीही करता येते. कापडावर १० सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करायच्या, ते १५ सेंटिमीटरपर्यंत ताणून मिनिटभर धरायचं, सोडायचं आणि आणखी एका मिनिटाने मोजायचं. १०.३ च्या वर गेलं तर त्या थानाची लेगिंग गुडघ्यावर नक्की फुगणार.

कटिंगच्या आधी थान उलगडून २४ तास मोकळं ठेवावं लागतं. गुंडाळताना कापडाला आलेला ताण तेवढ्या वेळात उतरतो. ही घाई केली तर कापल्यावर पीस आकसतात, दोन पायांच्या लांबीत फरक पडतो. कापडाची वीण कटिंगमध्ये तिरकी लागली तर दोन-तीन धुण्यांत शिलाई पिळून नडगीवर येते. विकत घेताना लेगिंग सपाट पसरून बघा, आतली शिलाई कंबरेपासून घोट्यापर्यंत सरळ उतरली पाहिजे.

आसन उसवण्याचं मूळ चार शिलाया एकाच बिंदूवर येण्यात आहे. ताणही तिथेच सगळ्यात जास्त आणि घासतंही तिथेच. यावर उपाय म्हणजे गसेट. शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा आसनाला जोडला की ताण चार बाजूंना वाटला जातो. शिलाई फ्लॅटलॉक हवी, चार सुया आणि सहा धाग्यांची, म्हणजे आत कड टोचत नाही. सुई बॉलपॉइंटच, म्हणजे गोलसर टोकाची, लागते. टोकदार सुई लायक्राचा धागा तोडते आणि शिलाईच्या कडेला बारीक भोकं पडत जातात. गसेट नसलेली लेगिंग योगासनांनाही घेऊ नये, मग तिच्यावर कुठलंही नाव छापलेलं असो.

कमरपट्टा खाली गुंडाळला जातो तो अरुंद असल्यामुळे किंवा माप चुकल्यामुळे. आमचा पट्टा ४ इंच उंच, दुहेरी कापडाचा असतो, वरच्या कडेला १ इंचाचं इलॅस्टिक आणि मागची उंची पुढच्यापेक्षा दीड इंच जास्त. माप कंबरेवरून न घेता सीटवरून, म्हणजे नितंबांवरून, घ्या. सीट ४० इंच असेल तर लेगिंगचा घेर तिथे ३५ इंचांच्या आसपास हवा, ती ताणूनच बसते. ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. पूर्ण खाली बसा, वाका, एक पाय स्टुलावर ठेवा. एवढ्यात पट्टा एकदाही वर ओढावा लागला तर ती लेगिंग बाजूला ठेवा.

स्पोर्ट्स ब्रा आम्ही उशिरा हाती घेतली, कारण हे काम वेगळंच आहे. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये तिघी बायकांनी पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून बनवली. आधार मुख्यतः छातीखालचा पट्टा देतो, खांद्यावरचे पट्टे नव्हे. त्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. हात वर केले की पट्टा वर सरकला तर तो सैल आहे. खांद्यावर वळ उठत असतील तरी बहुतेक वेळा दोष खालच्या पट्ट्याचाच असतो. चालणं, योग आणि वजनांसाठी दाबून धरणारी साधी ब्रा पुरते. ट्रेडमिलवर धावायला किंवा झुंबाला, आणि वक्ष भारी असेल तर, दोन वेगळे कप असलेलीच हवी. ३४ बी आणि ३४ डीडी (अंक पट्ट्याचं माप, अक्षर कपचं) या दोघींना एकच ‘मीडियम’ देणं आम्ही त्यामुळेच बंद केलं. बेंचवर आडवं पडायचं असेल तर पाठीवर हुक नकोत, ते रुततात. खांदा आखडलेल्यांनी पुढून चेन असलेली घ्यावी, कारण घामेजलेली ब्रा डोक्यावरून काढताना खांद्याला त्रास होतो.

टी-शर्ट सीट झाकणारा हवा, ही आमच्याकडची सगळ्यात मोठी मागणी, आणि ती रास्त आहे. लांबी २८ इंच ठेवली तर दोन्ही बाजूंना ४ इंचांचे कट द्यावे लागतात, नाहीतर बैठकीत कापड मांडीवर अडकतं. फार घोळदार टी-शर्ट केबल मशीनमध्ये अडकू शकतो. खांद्यावर बार घेऊन स्क्वाट करणाऱ्यांनी पाठीला गुळगुळीत पॉलिएस्टर टाळावं, बार घसरतो. कापूस मिसळलेलं कापड तिथे बरं. डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून बार उचलायच्या, दिवशी पूर्ण लांबीची लेगिंग घाला म्हणजे नडगी खरचटत नाही. ओढणी, बांगड्या आणि लांब मंगळसूत्र बाहेर काढूनच मशीनजवळ जा.

धुताना कपडा उलटा करून साध्या पाण्यात, सावलीत वाळवायचा. कंफर्टसारखा सॉफ्टनर धाग्यावर थर बसवतो आणि घाम शोषला जात नाही. ब्लीच आणि इस्त्री लायक्राला मारक असतात. ओले कपडे बॅगेत रात्रभर ठेवू नका. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून दमट लेगिंग घातली जाते आणि जांघेत बुरशीचा त्रास सुरू होतो. त्या दिवसांत तीन जोड लागतातच.

एक्सएलच्या पुढच्या मापांसाठी आम्ही आता वेगळा पॅटर्न केला आहे. लहान पॅटर्न सगळीकडून सारखाच वाढवला तर घोटा सैल आणि मांडी घट्ट होते. तिथे कापड २८० जीएसएमचं आणि पट्टा ५ इंचांचा घेतो. याच पॅटर्नवर सध्या शॉर्ट्सचे नमुने शिवणं चालू आहे. आतल्या शिलाईची लांबी ८ इंच ठेवली आहे, कारण ५ इंचांची शॉर्ट चालताना वर सरकते आणि मांड्या एकमेकींवर घासतात.